टाच नसलेला गमबूट : शॉपफ्लोअरवर सुरक्षेची गोष्ट कशी सांगावी

माझ्या कपाटात डाव्या पायाचा एक गमबूट आहे. त्याला टाच नाही. सुपरवायझरांच्या प्रशिक्षणाला निघताना एखाद्या वेळी लॅपटॉप विसरतो, बूट विसरत नाही. वाळूज असो, शेंद्रा असो की जालन्याची एखादी रोलिंग मिल, बूट टेबलावर ठेवला की मागच्या रांगेत मोबाइल चाळणारासुद्धा मान वर करतो. पडद्यावर 'सुरक्षा सर्वप्रथम' वाचून कुणी मान वर केल्याचं मला आठवत नाही.

हा लेख ज्यांच्या एका शब्दावर मशीन थांबू शकतं त्यांच्यासाठी आहे : प्लांट हेड, शिफ्ट इनचार्ज, साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर, ठेकेदाराचे मुकादम. सेफ्टी ऑफिसरनं गोष्ट सांगितली तर लोक ऐकून घेतात, कारण त्याला पगारच त्या कामाचा मिळतो. शिवाय सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती मोठ्या कारखान्यांना. वाळूजच्या गल्ल्यांतल्या, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या चाळीस माणसांच्या प्रेस शॉपमध्ये तो नसतोच. तिथं मालक किंवा सुपरवायझर जे बोलतो तीच सुरक्षा.

पहिली पायरी : आधी स्वतःची चूक सांगा

बुटाची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

मी तेव्हा लातूरकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होतो. जानेवारी महिना, गळीत जोरात, यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. रात्रपाळीत पहाटे साडेतीनच्या सुमाराला बॉयलरकडं जाणाऱ्या बगॅस कॅरिअरची, म्हणजे जळणाचा उसाचा चोथा वाहून नेणाऱ्या पट्ट्याची, साखळी अडकली. बगॅस थांबला की बॉयलरचं प्रेशर उतरतं, प्रेशर उतरलं की मिल थांबते, आणि मिल थांबली की सकाळी सगळे विचारतात कुणामुळं थांबली. मी जवळचं लाल बटण दाबलं आणि पहार घेऊन आत उतरलो. नियम मला ठाऊक होता : आधी पॅनलवर जाऊन फ्यूज काढायचे, ते खिशात घालायचे, मग उतरायचं. पॅनल रूमला जाऊन यायला आठ मिनिटं लागली असती. साखळी मोकळी होत आली होती, तेवढ्यात पलीकडच्या ऑपरेटरनं कॅरिअर ट्रिप झाला समजून स्टार्ट दिला. पट्टी माझ्या टाचेवर आली. स्टोअरमधले आठ नंबरचे बूट संपले होते म्हणून मला दहा नंबरचा जोड मिळाला होता. पाय सटकन बाहेर आला, बूट आत राहिला.

पाय वाचला तो स्टोअरच्या गलथानपणामुळं. त्यात माझी हुशारी काडीची नाही.

बहुतेक लोक गोष्ट इथंच थांबवतात. मीही काही वर्षं थांबवायचो. खरी गोष्ट पुढं आहे. सकाळी मी स्टोअरकीपरला 'बूट फाटला' सांगून नवा जोड घेतला आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. त्याच हंगामात त्याच कॅरिअरवर दुसऱ्या एका फिटरची दोन बोटं गेली. तसंच, लाल बटण दाबून उतरला होता. मी बोललो असतो तर त्या कॅरिअरपाशी आयसोलेटर, म्हणजे जागेवरच वीज तोडणारा स्विच, बसला असता का? सांगता येत नाही. पण बसवायला कुणी तरी विचार तरी केला असता.

ही गोष्ट सांगायचा माझा हेतू लोकांनी फ्यूज काढावेत एवढाच नाही. ऐकणाऱ्यानं आपला लपवलेला बूट बाहेर काढावा म्हणून मी ती सांगतो. वरिष्ठानं सांगितलेल्या गोष्टीचा खरा उपयोग लोकांची तोंडं उघडायला होतो, आणि साहेबच स्वतःला हुशार ठरवून बसला की तोंडं बंद राहतात.

तुमची स्वतःची गोष्ट शोधताना मनाला तीन प्रश्न विचारा. नियम माहीत असून मी तो कधी मोडला? त्या क्षणी तो मोडणं मला बरोबर का वाटलं? नंतर मी कुणाला सांगितलं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांना घाम फुटतो. तीच गोष्ट घ्या.

एक इशारा. प्रत्येक कारखान्यात गोष्टी आधीपासून चालूच असतात, फक्त भलत्या. "आमच्या वेळी कसलं हेल्मेट न् कसला बेल्ट, तरी साठ फुटांवर चढायचो." ही चहाच्या टपरीवरची गोष्ट कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त लोकांना पाठ असते. नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात तीच ऐकतो. तिच्याशी टक्कर द्यायची तर तेवढीच खरी आणि तेवढीच त्याच फ्लोअरची गोष्ट हवी.

मोठ्या पदावरच्या माणसानं हे केल्याचं एक उदाहरण जगभर सांगतात. पॉल ओनील १९८७ साली अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनिअम कंपनीचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेचा विषय काढला. काही महिन्यांत ॲरिझोनातल्या त्यांच्या एका प्लांटमध्ये एक तरुण कामगार मशीनमध्ये सापडून मेला. ओनील यांनी अधिकाऱ्यांना बसवून सांगितलं की हा माणूस आपण मारला आहे, आणि त्यात पहिला दोष माझ्या नेतृत्वाचा. आपल्याकडं अशा वेळी पहिला प्रश्न येतो, 'तो पर्मनंट होता की ठेकेदाराचा?'

दुसरी पायरी : गोष्टी गोळा करा

'निअर-मिस', म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, 'फॉर्म भरा' म्हटलं की कुणी भरत नाही. फॉर्म म्हणजे चौकशी, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय. मी शब्दच बदलला. राउंडला जाताना विचारतो, "काल कुठं थोडक्यात वाचलात?" या प्रश्नाला माणूस हसतो, मग सांगतो.

बाकी गोष्टी तुमच्याकडंच पडलेल्या असतात. प्रथमोपचाराचं रजिस्टर घ्या. एकाच लाइनवरची तीन माणसं महिन्यात करंगळीला पट्टी बांधून गेली असतील तर तिथं काही तरी आहे. मेंटेनन्सच्या लॉगबुकात 'सेन्सर तात्पुरता बायपास' असं लिहिलेलं सापडेल. तो तात्पुरता कधीपासून आहे ते विचारा. सगळ्यात चांगल्या गोष्टी हाउसकीपिंगच्या बायांकडं असतात, कारण मशीनखाली त्या वाकून झाडतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

१९३१ साली विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिश नावाच्या अमेरिकी माणसानं हिशेब मांडला होता : एका मोठ्या अपघातामागं २९ किरकोळ आणि ३०० बिनइजेचे. या आकड्यांवर पुढच्या अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले आणि मीही त्यांच्या नादी लागत नाही. थोडक्यात वाचलेला माणूस स्वतः सांगायला जिवंत असतो, एवढं कारण मला पुरतं.

तिसरी पायरी : रिपोर्टातून गोष्ट काढा

इथं वेळ घालवा, कारण सगळं इथंच बिघडतं.

वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये राउंडला मला डाव्या बटणात माचिसची काडी खोचलेली दिसली. पॉवर प्रेसला दोन बटणं कशासाठी? दोन्ही हात बटणावर असले की ते डायच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या, बाहेर असतात. एक बटण काडीनं कायमचं दाबून ठेवलं की एका हातानं स्ट्रोक मारता येतो आणि दुसरा हात डायजवळ मोकळा राहतो. रजिस्टरमध्ये तिथल्या सुपरवायझरनं लिहिलं : 'ऑपरेटरने सुरक्षा साधनाशी छेडछाड केली. निष्काळजीपणा. समज देण्यात आली.'

हे वाचून तुम्हाला काय कळलं? काही नाही. मी ऑपरेटरला घेऊन बाहेर चहाला गेलो.

"काडी का लावली रे?"

"साहेब, पीस चिकटू राहिला डायला. दर टायमाला हुकनं काढा लागतो."

"मग हुकनं काढायचा."

"सातशेचं टार्गेट हाय. हुकनं काढलं तं पाचशेच्या वर जात नाही. डाव्या हातानं ओढला का बसतंय गणित."

आता गोष्ट तयार झाली. माणूस आहे, काम आहे, घाई आहे, आणि घाई कुठून आली तेही आहे. मुख्य म्हणजे डोकं वापरणारा माणूस आहे. त्याच्या जागी ऐकणारा स्वतःला बघू शकतो. निष्काळजी माणसाच्या जागी कुणीच स्वतःला बघत नाही, म्हणून 'निष्काळजीपणा' हा शब्द ज्या गोष्टीत येतो ती गोष्ट मी फेकून देतो.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या सुरुवातीला प्रॉडक्शन मॅनेजरनं ही गोष्ट त्याच प्रेससमोर उभं राहून सांगितली. ऑपरेटरला आधी विचारून, त्याचं नाव न घेता. शेवटी तो म्हणाला, "सातशेचा आकडा मी दिला होता. डाय चिकटते हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही." टूल रूमनं डायला चिकटलेला पीस बाहेर ढकलणारी इजेक्टर पिन बसवली. इलेक्ट्रिशियननं सर्किट बदललं : दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा नाही. काडीचा उपयोगच संपला.

मांडणी करताना एवढं पाहा : गोष्ट एका माणसाची, एका पाळीतली, एका मशीनवरची असावी. तपशील एक-दोनच, पण डोळ्यांना दिसणारे. काडी, दहा नंबरचा बूट. रक्तामांसाचं वर्णन काढून टाका. फोटो तर अजिबात नको. माणूस घाबरला की तोंड फिरवतो, शिकत नाही.

चौथी पायरी : सांगून झाल्यावर गप्प बसा

नामदेव नर्सीचे, जनाबाई गंगाखेडची, एकनाथ पैठणचे. दृष्टांत कसा द्यावा हे मराठवाड्याला बाहेरून शिकायची गरज नाही. महानुभाव पंथाच्या 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात प्रत्येक दृष्टांताची तीन अंगं असतात : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे तो दृष्टांत लागू कुठं पडतो ते. शॉपफ्लोअरवर मी यातलं सूत्र गाळतो. दृष्टांत मी सांगतो आणि दार्ष्टांतिक लोकांवर सोडतो. प्रश्न एकच : "आपल्या लाइनवर असं कुठं होतं?"

मग थांबायचं. पाच सेकंद, दहा सेकंद. साहेब लोकांना हे फार जड जातं. शांतता झाली की ते स्वतःच उत्तर देतात, 'तर मित्रांनो, यावरून आपण काय शिकलो...' आणि सगळी मेहनत मातीत जाते. कुणीच बोललं नाही तर म्हणा, "उद्या परत विचारतो", आणि खरंच विचारा. पहिलं बोलणारा बहुतेक वेळा जुना माणूस नसतो. ट्रेनी असतो, त्याला अजून गप्प बसायची सवय लागलेली नसते.

पाचवी पायरी : वेळ, जागा, भाषा

शिफ्टच्या सुरुवातीला, मशीनजवळ, पाच मिनिटं, बारा-पंधरा माणसं. कँटीनमध्ये माइक लावून अडीचशे जणांना सांगितलं की ते भाषण होतं. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, हात पुढं करून शपथ घ्यायची प्रथा आहे, ती घ्या. १९६६ मध्ये त्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, तेव्हा दिवसाला मान आहेच. पण गोष्ट त्या दिवसासाठी राखून ठेवू नका.

लाइनवर बिहार-यूपीची पोरं असतील तर हिंदीतच सांगा, मोडकी असली तरी. ठेकेदाराची माणसं वेगळ्या गेटनं येतात आणि टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीला, हमखास गळतात. सगळ्यात धोक्याचं काम मात्र त्यांच्याच वाट्याला. आधी त्यांना उभं करा.

आणि गोष्ट हंगामाची असावी. मी चक्क भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करून ठेवतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर जालन्याच्या भट्टीवाल्यांना ओल्या भंगाराची गोष्ट : ओलं किंवा बंद तोंडाचं भंगार वितळलेल्या लोखंडात पडलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन धातू बाहेर उसळतो. कापूस यायला लागला की परभणीकडच्या जिनिंगवाल्यांना कपाशीतून आलेल्या लोखंडी तुकड्याची आणि ठिणगीची. साखर कारखान्यात मोळी पडायच्या, म्हणजे गळीत सुरू व्हायच्या आधी, टाक्यांची सफाई चालू असते तेव्हा, बंद टाकीची. लातूर-धाराशिवकडं येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आधी एक गोष्ट नक्की, कारण त्या दिवशी निम्मी पाळी शेतात आंबील प्यायला जाते आणि अनोळखी मशीनवर बदली माणूस उभा राहतो.

टाकीच्या गोष्टीबद्दल थोडं. एक जण आत बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उडी घेतो, मग तिसरा. ही गोष्ट आपल्याकडं दोस्तासाठी जीव दिला अशी सांगतात, आणि ऐकणारा मनात ठरवतो की आपणही उडी घेऊ. तीच गोष्ट बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाजूनं सांगा. ब्लोअर आणि श्वसनाचा सेट येईपर्यंत दोराला धरून बाहेर थांबणं किती अवघड असतं, ते सांगा. धाडस त्याचंही आहे.

सहावी पायरी : दूरची गोष्ट जवळ आणा

मोठ्या दुर्घटना सांगायच्या तर आकड्यावर थांबू नका. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ माणसं गेली. हे ऐकून वाळूजचा माणूस च्च करतो आणि विसरतो. पण असं सांगून बघा : एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, जागी तात्पुरती ब्लाइंड, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारी चकती, लावलेली. दिवसपाळी गेली. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून रात्रपाळीनं हा पंप चालू केला. व्हॉल्व्ह काढलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग विचारा, "काल तुम्ही कंपनीची बस सुटेल म्हणून पुढच्या पाळीला काय सांगायचं राहिलात?"

भोपाळचंही तसंच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी रसायनाच्या टाकीचं शीतकरण बंद होतं आणि सुटलेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर नादुरुस्त होता. यंत्रणा जागेवर होती, चालू नव्हती. आपल्या बायपास केलेल्या सेन्सरची यादी शेजारी ठेवली की पुढं बोलावं लागत नाही.

सातवी पायरी : गोष्टीनंतर काही तरी हललं पाहिजे

दोन दिवसांत. मोठी दुरुस्ती झाली नाही तरी चालेल, पण काय ठरलं, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, हे लाइनच्या फळ्यावर खडूनं लिहा. जमणार नसेल तर 'या महिन्यात जमत नाही, कारण अमुक' असंही लिहा. लोक नकार पचवतात, विसरलेलं पचवत नाहीत.

आणि सांगणाऱ्याला मेमो मिळता कामा नये. एका ठिकाणी हे मी जवळून बघितलंय. फोर्कलिफ्टवाल्यानं भर बैठकीत कबूल केलं की ब्रेक कमी लागतो हे माहीत असून त्यानं दोन दिवस गाडी चालवली. साहेबांनी टाळ्या वाजवून घेतल्या. संध्याकाळी एचआरनं त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस ठेवली. पुढं आठ महिने त्या रजिस्टरमध्ये एक ओळ आली नाही, आणि व्यवस्थापन ते कोरं रजिस्टर पाहुण्यांना अभिमानानं दाखवायचं.

गेटवरच्या 'अपघातविरहित दिवस' या फलकावरही माझा राग आहे. आकडा तीनशेच्या पुढं गेला की बोट कापलेल्या पोराला बाहेरच्या दवाखान्यात पट्टी करून आणतात. इजेमुळं माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर ते सरकारी खात्याला कळवावं लागतं, म्हणून त्याला खुर्चीवर बसवून हजेरी लावतात. त्या दिवशी एक गोष्ट मरते. फलक काढता येत नसेल तर शेजारी दुसरा लावा : या महिन्यात किती जणांनी 'थोडक्यात वाचलो' सांगितलं, त्यातलं किती दुरुस्त झालं.

ज्याला खरोखर इजा झाली आहे त्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय नको. त्याला स्टेजवर बोलावून हात दाखवायला लावणं तर नकोच नको. तो स्वतः बोलायला तयार असेल तर त्याचं त्याला बोलू द्या, मध्ये माइक घेऊ नका. एवढंच.

चाललंय की नाही, कसं ओळखायचं

पहिले काही महिने 'थोडक्यात वाचलो'ची नोंद वाढेल. वरचे विचारतील, धोके वाढले का? त्यांना सांगा, आधी लपत होते. दुसरी खूण अशी की गोष्ट तुमच्या ताब्यातून निसटते. लोक ती चुकीची सांगायला लागतात. दुरुस्त करायला जाऊ नका.

गेल्या पावसाळ्यात रांजणगावच्या फाट्यावर चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकड्यावर एक विशीतला पोरगा नव्या मित्राला सांगत होता. कुठल्या तरी साखर कारखान्यात म्हणे एक माणूस पट्ट्यात सापडला, दोन्ही बूट गेले, पँटही गेली, माणूस अनवाणी पळत सुटला. मित्र हसला. पोरगाही हसला. मग चहाचा कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "तुझ्या तिकडं फ्यूज कोणाच्या खिशात राहातेत?"